नानांना लिम्फोमा, मला शोग्रेन: द्राक्षबागेतल्या औषधाशी संबंध लावायचा का?

द्राक्षवाली

नमस्कार. एरवी मी इथे लोणच्या-मसाल्यांच्या धाग्यांवर असते, त्यामुळे हा विषय माझ्याकडून आलेला पाहून काहींना नवल वाटेल. पोस्ट लांबणार आहे, आधीच माफी मागून ठेवते.

माझं माहेर निफाड तालुक्यातलं. साडेतीन एकर बाग, नानांनी (माझे वडील) १९८८ साली लावली. ट्रॅक्टरवरचा ब्लोअर आमच्याकडे फार उशिरा आला. त्याआधी एचटीपी पंप, दोनशे लिटरचा ड्रम आणि लांबलचक नळी. नाना गन धरायचे आणि मी मागून नळी ओढायची, खोडांना अडकू नये म्हणून. सातवीपासून लग्न होईपर्यंत ऑक्टोबर छाटणीनंतरच्या बहुतेक फवारण्यांना मी तिथे होते. मधेच पाऊस झाला तर डाऊनीच्या (द्राक्षावरचा बुरशीरोग) धाकाने दिवसाआड.

ढवळायला काठी असायची, पण ती नेमकी वेळेला सापडायची नाही. मग नाना बाही दंडापर्यंत सारून हातच ड्रममध्ये घालायचे. एम-४५ ची (बुरशीनाशक) पिवळी पावडर असली की कोपरापर्यंत पिवळा मोजा चढवल्यासारखा हात दिसायचा. मिशीवर पिवळं, पापण्यांवर पिवळं. तोच हात पायजम्याला पुसून तंबाखू मळायची. आई ओरडायची, पण ती तंबाखूवरून.

२०२२ च्या पावसाळ्यात नानांच्या मानेत उजवीकडे गाठ आली. दुखत नव्हती, त्यामुळे महिनाभर त्यांनी कुणाला सांगितलंच नाही. एका दवाखान्यात सुई घालून तपासली, रिपोर्टमध्ये ठोस काही नाही. मानेत गाठ म्हणजे टीबीच, असं धरून अंदाजाने टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या. दोन महिने लघवी नारिंगी होत राहिली आणि गाठ वाढत राहिली. रात्री बनियन पिळून काढावा इतका घाम, नऊ किलो वजन उतरलं. शेवटी नाशिकला एका सर्जननी अख्खी गाठ काढून तपासायला दिली. डिफ्यूज लार्ज बी सेल लिम्फोमा, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर. आर-चॉप नावाच्या केमोच्या सहा सायकल, दर २१ दिवसांनी एक. शेवटचं पेट स्कॅन स्वच्छ आलं, आज नाना पुन्हा बागेत आहेत.

पहिल्या सायकलचा प्रसंग डोक्यातून जात नाही. सिस्टरनी अंगात गाऊन घातला, तोंडाला मास्क, हातात एकावर एक दोन मोजे, आणि मग ते लाल इंजेक्शन हातात घेतलं. नाना बराच वेळ बघत होते. म्हणाले, "एवढीशी नळी धरायला हिला दोन-दोन मोजे. मी ड्रमात हात घालायचो." मग सिस्टरला विचारलं, "ताई, ह्याचा पीएचआय किती दिवसांचा?" तिला कळलं नाही. (बागायतदार नसलेल्यांसाठी: औषध मारल्यावर किती दिवस माल काढायचा नाही, तो पीएचआय.)

आता माझं. वय ४१. चार वर्षांपासून डोळ्यांत वाळू गेल्यासारखं वाटतं, भाकरीचा घास पाण्याशिवाय उतरत नाही, दोन्ही गाल अधूनमधून गालफुगी झाल्यासारखे सुजतात. मागच्या वर्षी शोग्रेन सिंड्रोमचं (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लाळ आणि अश्रूंच्या ग्रंथींवर उलटते तो आजार) निदान झालं, हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन चालू आहे. डॉक्टर जाता जाता म्हणाल्या, "तुमच्या आजारात लिम्फोमाचा धोका थोडा जास्त असतो, गाठीबिठीकडे लक्ष ठेवा." बाहेर पुढचे पेशंट ताटकळलेले, त्यामुळे वडिलांचं सांगायचं राहून गेलं. घरी येऊन मोबाईलवर शोधलं. कुठे "चाळीस पट", कुठे "घाबरण्यासारखं काही नाही". रात्रभर गाल चाचपत बसले.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. नानांचा आजार औषधांमुळे झाला, असं म्हणता येतं का? माझा आजार, माझं लहानपणीचं नळी ओढणं आणि नानांचा लिम्फोमा, हे सगळं एकावर एक रचून माझा धोका किती होतो? आणि भाचा अकरा वर्षांचा आहे. दादा फवारणीला निघाला की तो ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून जातो. मी बोलले तर दादा म्हणतो, "आपण नाही का वाढलो?" त्याला काय उत्तर देऊ?

फुकटफौजदार

आमचे आजोबा घरात मुंग्यांना बीएचसी पावडर मारायचे, धान्याच्या कणगीतही तीच. ९२ व्या वर्षी गेले, तेही पडून. जे व्हायचं ते होतंच. उगाच इंटरनेटवर वाचू नका.

काचपट्टी

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. अशा गाठींचे काप सूक्ष्मदर्शकाखाली बघणं हाच माझा दिवसभराचा धंदा. तुमचे डॉक्टर तुम्हाला तपासतात, मी तपासलेलं नाही, हे ध्यानात ठेवून वाचा.

आधी टीबीबद्दल. तुमच्यासारखी कहाणी माझ्याकडे दर महिन्याला येते. मानेतली गाठ टीबीची असण्याची शक्यता आपल्याकडे खरोखरच मोठी आहे, त्यामुळे शंका चुकीची नव्हती. चूक झाली ती पुरावा नसताना उपचार सुरू करून वाट बघत बसण्यात. सुईने चार पेशी मिळतात. लिम्फोमा ओळखायला गाठीची घडण दिसावी लागते, त्यासाठी शक्यतो अख्खी गाठ हवी आणि त्यावर इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री (पेशींवरची प्रथिनं रंगवून ओळखायची तपासणी). नानांना रिटुक्सिमॅब देता आलं (आर-चॉपमधला "आर" तोच), कारण त्यांच्या पेशींवर सीडी-२० हे प्रथिन होतं, आणि ते सुईच्या रिपोर्टात कळलं नसतं. धागा वाचणाऱ्या बाकीच्यांनी एवढं जरी उचललं तरी पुष्कळ.

आता पहिला प्रश्न. लिम्फोमाची गाठ कापून बघितली तर "ही औषधामुळे झाली" असं तिच्यावर कुठेही लिहिलेलं नसतं. कारण दिसतं ते हजारो माणसांच्या आकडेवारीत. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोगावर काम करणारी संस्था, आयएआरसी, हिने २०१५ साली लिंडेन या कीटकनाशकाला पहिल्या गटात टाकलं. म्हणजे माणसात कॅन्सर होतो याचा पुरावा पुरेसा आहे, आणि तो कॅन्सर कुठला, तर नेमका नॉन-हॉजकिन लिम्फोमा (नानांचा प्रकार याच गटातला). मॅलॅथिऑन, डायझिनॉन आणि ग्लायफोसेट त्याच वर्षी "बहुधा कारणीभूत" या गटात गेली, डीडीटीही त्याच गटात. गटांवरून घाईने निष्कर्ष मात्र काढू नका. पुरावा किती पक्का आहे एवढंच गट सांगतो. धोका किती मोठा आहे हे त्यातून कळत नाही.

फौजदारसाहेब, तुमच्या आजोबांच्या बीएचसी पावडरमध्ये साधारण दहा-पंधरा टक्के लिंडेनच असायचं. भारतात बीएचसी १९९७ पासून बंद आहे, लिंडेनचा वापर २०१३ पासून. आजोबा ९२ जगले याचा आनंदच आहे. बिडी ओढून ९२ जगलेलेही माझ्या ओळखीचे आहेत.

द्राक्षवाली, तुम्हाला पिवळी पावडर आठवते, कारण ती दिसायची. तिच्यातल्या मॅन्कोझेबवर आरोप आहेत, पण ते मुख्यतः थायरॉईड, हार्मोन आणि गर्भावरच्या परिणामांचे. युरोपने २०२० च्या अखेरीस त्याची परवानगी पुढे वाढवली नाही, तीही याच अंगाने. लिम्फोमाच्या बाबतीत ज्यांची नावं जास्त घेतली जातात ती कीटकनाशकं बहुतेक पाण्यात पांढरट होऊन जाणारी, अंगावर डाग न ठेवणारी. जे पापणीवर दिसलं त्याचीच धास्ती तुमच्या मनात बसली आहे.

अमेरिकेत आयोवा आणि नॉर्थ कॅरोलिना राज्यांत १९९३ पासून फवारणीचा परवाना असलेल्या सुमारे ५७ हजार लोकांचा पाठपुरावा चालू आहे. तिथे लिंडेन आणि डीडीटीचा लिम्फोमाच्या काही प्रकारांशी संबंध दिसला. ग्लायफोसेटचा २०१८ च्या विश्लेषणात दिसला नाही. पुढच्या वर्षी फ्रान्स, नॉर्वे आणि अमेरिका मिळून तीन लाखांहून जास्त शेतकऱ्यांची माहिती एकत्र केली, तेव्हा बहुतेक औषधांचा संबंध आढळला नाही, पण ग्लायफोसेट आणि नानांना झाला तोच डिफ्यूज लार्ज बी सेल प्रकार यांच्यात थोडा दिसला, साधारण १.४ पट. म्हणजे शास्त्रज्ञांचंही एकमत नाही, आणि जे दिसतं ते "दहा पट, वीस पट" या जातीचं नाही. भारतात नॉन-हॉजकिन लिम्फोमा वर्षाला लाखात दोन-तीन जणांना होतो. त्याच्या दीडपट म्हणजे किती, ते तुम्हीच बघा. एकेका माणसासाठी हा आकडा बारीक आहे. मात्र कोट्यवधी माणसं फवारत असतील तर देशासाठी बारीक राहत नाही.

फ्रान्सने यातून एक व्यवहारी वाट काढली. २०१५ पासून तिथे शेतकऱ्याला नॉन-हॉजकिन लिम्फोमा झाला आणि त्याने दहा वर्षं ठरावीक कीटकनाशकांच्या संपर्कात काम केलेलं असेल, तर तो व्यावसायिक आजार मानला जातो आणि भरपाई मिळते. हीच बाटली, हाच दिवस, असं सिद्ध करायची जबाबदारी आजारी माणसावर टाकलेली नाही. नाना फ्रान्समध्ये द्राक्षं पिकवत असते तर अर्ज भरायला बसले असते. तेव्हा माझं उत्तर असं: "औषधामुळेच" असं कुणी लिहून देणार नाही, आणि "औषधाचा काही संबंध नाही" असं मीही लिहून देणार नाही.

हे घडतं कसं, हेही थोडं सांगतो, नाहीतर सगळं आकड्यांतच राहील. बी पेशी (पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार) अँटिबॉडी बनवण्यासाठी स्वतःचा डीएनए मुद्दाम तोडून पुन्हा जोडतात. शरीरातल्या दुसऱ्या पेशी सहसा असलं धाडस करत नाहीत. कधीतरी चौदाव्या गुणसूत्राचा तुकडा अठराव्याला चिकटतो, आणि पेशीला मरू न देणारं एक जनुक कायमचं चालू राहतं. कीटकनाशकं वापरणाऱ्या फ्रेंच शेतकऱ्यांच्या रक्तात अशा चुकीच्या जोडणीच्या पेशी जास्त सापडल्या. अशा पेशी निरोगी माणसांतही असतात आणि बहुतेकांना काही होत नाही. पुढच्या आणखी दोन-चार चुका झाल्या तरच गाडी लिम्फोमापर्यंत जाते.

तुमचा शोग्रेन इथेच जोडला जातो. या आजारात बी पेशी लाळग्रंथीत ठाण मांडतात आणि वर्षानुवर्षं वाढत राहतात. जितकं विभाजन, तितक्या चुकांच्या संधी. शोग्रेन असलेल्या शंभरातल्या साधारण पाच ते दहा जणांना आयुष्यभरात लिम्फोमा होतो. "चाळीस पट" वगैरे आकडे याच गोष्टीचे, फक्त घाबरवणाऱ्या बाजूने सांगितलेले. उलट बाजूने वाचा: नव्वदहून अधिक जणांना होत नाही. झाला तर बहुतेक वेळा लाळग्रंथीतला, हळू चालणारा प्रकार असतो, नानांसारखा धावणारा नाही. वडिलांना लिम्फोमा असल्याने मुलांचा धोका दीड-दोन पट होतो. पण हे तिन्ही आकडे एकमेकांनी गुणून तुमचा एक आकडा काढता येत नाही. तसा अभ्यास झालेला नाही, म्हणून त्या रात्रीच्या गुणाकाराला काही आधार नाही.

नुसतं गाल चाचपत बसू नका. कानाखालची सूज येऊन-जाऊन असते ती वेगळी. एकाच बाजूची, टणक आणि उतरायचं नावच न घेणारी सूज असेल तर दाखवा. पायांवर जांभळे पुरळ, वजन उतरणं, रात्रीचा घाम, हेही. रक्तातल्या सी-४ या प्रथिनाची पातळी आणि पांढऱ्या पेशी डॉक्टर अधूनमधून बघतीलच. आणि नानांचं सांगायचं राहून गेलं, ते पुढच्या वेळी खुर्चीत बसल्याबरोबर सांगा.

सकाळी_आखडलेली

काचपट्टी यांनी सगळं सांगितलंच आहे. मी फक्त माझा मूर्खपणा सांगते.

मला १४ वर्षांपासून आमवात आहे (रूमॅटॉईड). २०१९ मध्ये कुठेतरी वाचलं की मेथोट्रेक्सेटने (माझी आमवाताची गोळी) लिम्फोमा होतो. घरात कुणाला न सांगता गोळ्या बंद केल्या. दर रविवारी गोळी पाकिटातून काढायची आणि कुंडीत टाकायची, नवऱ्याला पाकीट रिकामं दिसावं म्हणून. सात महिन्यांनी उजव्या हाताची दोन बोटं अशी वाकडी झाली की आजही पोळपाटावर लाटणं नीट धरता येत नाही. तुळस मात्र जगली.

नंतर डॉक्टरांनी रागावून समजावलं. मेथोट्रेक्सेट घेताना क्वचित कुणाला तशा गाठी येतात हे खरं आहे, आणि त्यातल्या काही औषध थांबवल्यावर आपोआप विरतातही. पण लिम्फोमाचा मोठा धोका आजार भडकलेला राहण्याचा असतो. स्वीडनमध्ये लिम्फोमा झालेल्या आणि न झालेल्या आमवाताच्या शेकडो रुग्णांची तुलना केली (२००६), तेव्हा ज्यांची सूज वर्षानुवर्षं सर्वात जास्त राहिली त्यांच्यातच धोका कैक पटींनी वाढलेला निघाला. म्हणजे मी ज्याच्या भीतीने गोळी टाकत होते, त्यालाच जवळ बोलवत होते.

ताई, तुमची हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन सोडू नका आणि वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा तपासून घ्या.

आणखी एक. माझं माहेर यवतमाळकडचं, कापसाचं. काका अजून पाठीवरच्या पंपाने फवारतात. आमवात आणि कीटकनाशकं यांचा संबंध मी माझ्या डॉक्टरांना विचारला होता. त्या म्हणाल्या, अमेरिकेत ज्या बायका स्वतः वर्षानुवर्षं कीटकनाशक मारायच्या त्यांच्यात आमवात आणि ल्युपस (तोही प्रतिकारशक्ती उलटण्याचाच आजार) जास्त दिसला आहे, पण तेवढ्यावरून "तुमचा त्यामुळेच" असं म्हणता येत नाही. शोग्रेनबद्दल तर त्याहून कमी माहिती आहे.

तासगावकर

कृषी सेवा केंद्र चालवतो, २२ वर्षं झाली. आमच्याकडेही बागाच बागा, त्यामुळे निफाडचं वेगळं काही नाही.

ताई, तुमच्या दादाला आधी त्रिकोण समजावून सांगा. डब्यावर रंगीत त्रिकोण असतो. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. शेतकरी काऊंटरवर येतो आणि म्हणतो, "हिरवं द्या, ते गरीब औषध." मीही अनेक वर्षं मान डोलावायचो. तो त्रिकोण आज पोटात गेलं किंवा अंगावर सांडलं तर माणूस मरेल का, एवढंच सांगतो. वीस वर्षं थोडं थोडं अंगात गेलं तर काय होईल, ते त्या रंगात नाही. २०१७ ला यवतमाळात वीसवर माणसं गेली, शेकडो दवाखान्यात पडली, ती त्रिकोणातली गोष्ट. तेव्हा आठवडाभर सगळे मोजे मागत होते. नानांचा आजार फवारणीचा असलाच, तर तो त्रिकोणाबाहेरचा. त्यासाठी एकही गिऱ्हाईक मोजे मागत नाही.

दुसरं, औषध नाकातून जातं असा सगळ्यांचा समज. तोंडाला उपरणं बांधलं की झालं. खरं तर फवारणाऱ्याच्या अंगात जास्त जातं ते कातडीतून. आणि कातडीही सगळीकडे सारखी नाही. पाठीवरचा पंप झाकणातून गळतो, पाणी पाठीवरून कमरेत, कमरेतून जांघेत. तिथली कातडी हातापेक्षा कितीतरी पटींनी जास्त शोषते. हे काऊंटरवर सांगितलं की माणसं हसतात, पण दुसऱ्या दिवशी वायसर बदलायला येतात! नोझल तुंबलं की तोंडाने फुंकणारे तर अजून आहेत. आमच्या इथे एकाने माझ्यासमोर फुंकलं आणि वर मलाच म्हणाला, "चव बदलली राव, कंपनीने काहीतरी कमी केलंय."

मोजे घ्यायचे तर नायट्राईलचे, लांब मनगटाचे. कापडी मोजे भिजले की दिवसभर औषधाची पट्टी बांधून फिरल्यासारखं. आणि तीन-तीन औषधं एका ड्रममध्ये कालवायची सवय सोडा. प्रत्येकाची तपासणी कंपनीने वेगवेगळी केलेली असते, तुमच्या ड्रममधल्या खिचडीची कुणीच केलेली नाही.

डायझिनॉन, मिथाईल पॅराथिऑन, कार्बारिल ही २०१८ ला बंद झाली. फोरेट, डायक्लोरव्हॉस, ट्रायझोफॉस २०२० च्या अखेरीला. ग्लायफोसेट फक्त परवानाधारक कीड नियंत्रणवाल्यांनीच मारायचं, असा सरकारी आदेश २०२२ ला निघाला. कागदावर. यापुढे मी दुकानदार असल्याने गप्प बसतो.

एक गोष्ट मात्र बोलतो. २०१० ला आपली द्राक्षं युरोपात अडकली होती, आठवतंय का? लिहोसिनचा (वेलीची वाढ रोखणारं औषध) अंश सापडला म्हणून. तेव्हापासून निर्यातीच्या मालाची तपासणी किती कडक झाली ते नाना सांगतील. युरोपातल्या पोराने खायच्या मण्यात किती अंश उतरला, ते किलोला मिलिग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत मोजतात. बरोबरच आहे. पण गन धरणाऱ्याचं रक्त बावीस वर्षांत कुणी मोजलेलं मी बघितलं नाही. आणि विरळणीला, डिपिंगला (घड औषधाच्या पाण्यात बुडवायला) येणाऱ्या बायकांचं तर नावच नको. आदल्या संध्याकाळी फवारलेल्या बागेत त्या सकाळी सातला शिरतात, पानांवरचं दव त्यांच्याच अंगाला पुसलं जातं. तुमच्याकडे पेठ-सुरगाण्याहून टोळ्या येतात ना? त्यातल्या कुणाला पुढे गाठ आली तर ती निफाडच्या बागेशी कोण जोडणार?

नाना निर्यातीचा माल करत असतील तर फवारणीची वही असेलच. ती सांभाळून ठेवा.

फुकटफौजदार

तासगावकर, मग खायचं काय? सगळं सेंद्रिय घ्यायचं का आता?

काचपट्टी

फौजदार, हा धागा फवारणाऱ्यांचा आहे, खाणाऱ्यांचा नाही. द्राक्षं धुवून खा आणि झोपा.

तासगावकरांच्या रक्ताच्या मुद्द्याला एक पुरवणी. कोलिनेस्टरेज नावाची रक्तचाचणी आहे. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली (मॅलॅथिऑन, डायझिनॉनसारखी) औषधं फवारणाऱ्यांची हंगामाआधी एकदा आणि हंगामात एकदा केली तर अंगात किती जातंय याचा अंदाज येतो. कॅन्सरबद्दल ती काही सांगत नाही, आणि जुन्या वर्षांबद्दलही नाही. म्हणून द्राक्षवालींनी आता स्वतःची करून घेण्यात अर्थ नाही. दादाने करावी.

द्राक्षवाली

सगळ्यांचे आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण मधे अपॉइंटमेंट होती.

यावेळी खुर्चीत बसल्याबरोबर नानांचं सांगितलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि सगळं ऐकून घेतलं. लाळग्रंथींची सोनोग्राफी झाली. दोन्हीकडे शोग्रेनमध्ये दिसतात तसे बदल आहेत, वेगळी गाठ नाही. सी-४ ठीक. सहा महिन्यांनी पुन्हा. गाल रोज चाचपायचे नाहीत, महिन्यातून एकदा, असा मी स्वतःशीच करार केला आहे. तो दोनदा मोडला.

सकाळी_आखडलेली, तुमची तुळशीची गोष्ट मी नवऱ्याला वाचून दाखवली. तेव्हापासून तो माझ्या गोळ्यांचं पाकीट मोजतो.

मग दिवाळीला माहेरी गेले. धागा मोबाईलवर नानांना वाचून दाखवला. फ्रान्सचं ऐकून म्हणाले, "तिकडे द्राक्षाची दारू करतात ना? मग त्यांना परवडतं." पिवळ्या पावडरचं त्यांना पटलं नाही. तीच असणार, असं त्यांचं म्हणणं, कारण तिचाच वास अजून येतो. मग तासगावकरांनी सांगितलेली वही काढली. एक नाही, सात निघाल्या, प्लास्टिकच्या पिशवीत, कपाटाच्या वरच्या फळीवर. नानांचं तिरकं अक्षर. तारीख, औषध, शंभर लिटरला किती ग्रॅम, कशासाठी (भुरी, डाऊनी, मिलीबग, थ्रिप्स), पीएचआय. पावसाच्या दिवसांसमोर निळा ठिपका. एका पानावर पिवळा अंगठा उमटलेला आहे, इतका स्पष्ट की रेषा मोजता येतील.

सातही वह्या मी चाळल्या. औषध कुणी मारलं, नळी कुणी ओढली, दुसऱ्या दिवशी बागेत कोण शिरलं, याचा रकाना एकाही वहीत नाही.

भाच्याचं म्हणाल तर दादाशी सरळ बोलून उपयोग झाला नाही. वहिनीला जांघेचं सांगितलं (तासगावकर, तुमचे उपकार!). तिने त्याच संध्याकाळी सांगून टाकलं की पोरगं मडगार्डवर दिसलं तर ती स्वतः ट्रॅक्टरची चावी विहिरीत टाकेल. पोरगं आता बांधावरून बघतं आणि माझ्यावर रुसलं आहे. "आत्या, तू आलीस की सगळं बंद होतं."

दादाने लांब मोजे आणलेत. कोलिनेस्टरेजचं "बघू" म्हणालाय. मी म्हटलं, निदान वहीत एक रकाना वाढव, कुणी फवारलं त्याचा. त्याने वही उघडून राहिलेली पानं मोजली आणि म्हणाला, ही संपत आलीये, नव्या वहीत आखू.